कावसजीचं नाक

परवा धायरी फाट्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. मावशीच्या विम्याचे कागद होते हातात, सगळ्याच्या दोन-दोन प्रती काढायच्या होत्या. दुकानदार ओळखीचा. कागद मशीनवर ठेवता ठेवता त्याने वरचं पत्र वाचलं आणि विचारलं, "मावशींनी प्लास्टिक सर्जरी केली? या वयात?"

त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं, नुसतं आश्चर्य होतं. पण नेमकं तेच आश्चर्य विमा कंपनीच्या पत्रात जरा जड भाषेत लिहिलेलं होतं. "सदर शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धक स्वरूपाची असल्याने दावा मान्य करता येत नाही."

(हे सगळं मावशीला विचारून लिहितोय. "माझं नाव तेवढं घालू नकोस, बाकी लिही काय ते" असं म्हणाली.)

नातेवाईकांना गोष्ट माहीत आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. १९७९ साली रॉकेलच्या स्टोव्हचा भडका उडाला. मावशी एकोणीस वर्षांची होती. गळा, हनुवटी आणि डावा गाल भाजला. भाजलेली कातडी भरून येताना आक्रसते, चामडं उन्हात वाळताना आक्रसतं तशी. तिची हनुवटी हळूहळू छातीकडे ओढली गेली, मान वळेना. तेव्हा एक शस्त्रक्रिया झाली, मांडीची कातडी काढून गळ्याला लावली, मान मोकळी झाली. त्याला कोणी काही म्हटलं नाही, कारण मान वळायलाच हवी. पण खालचा ओठ ओढलेला राहिला तो राहिलाच. पाणी पिताना कडेने ओघळायचं. म्हणून मावशी चारचौघांत कधी जेवली नाही. लग्नकार्यात ती नेहमी वाढायला उभी. आम्हाला लहानपणी वाटायचं, मावशीला वाढायची हौसच फार.

दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःहून विचारलं की या ओठाचं काही होईल का. डॉक्टर म्हणाले होईल, आणि झालंही. घरातल्या मोठ्यांनी मात्र "आता काय गरज?" हे पालुपद लावलं होतं. नंतर विमा कंपनीनेही तेच म्हटलं.

पत्र घेऊन घरी आलो आणि दोन-तीन रात्री याच विषयावर वाचत बसलो. वाचता वाचता पोचलो ते थेट पेशवाईत, आणि तेही पुण्यातच! पुणेकरांना अभिमानासाठी कारण लागत नाही हे खरं, पण ही गोष्ट खरोखर सांगण्यासारखी आहे.

लंडनमध्ये 'जंटलमन्स मॅगझिन' नावाचं मासिक निघायचं. त्याच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात 'बी. एल.' एवढ्याच सहीचं एक पत्र छापून आलं, सोबत एका माणसाचं चित्र. माणसाचं नाव दिलंय कावसजी. तो मराठा, जातीने शेतकरी, १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा. (शेतकऱ्याच्या घरात कावसजी हे पारशी नाव कुठून आलं? मला वाटतं ऐकणाऱ्या साहेबाचा कान आणि लिहिणाऱ्याचा हात यांच्यामध्ये मूळ नाव हरवलं असावं. पण आता जगभरच्या शल्यशास्त्राच्या पुस्तकांत तो कावसजीच आहे, तर आपणही तेच म्हणू.)

ही लढाई म्हणजे टिपू सुलतानाविरुद्धचं तिसरं म्हैसूर युद्ध. इंग्रज, निजाम आणि मराठे एका बाजूला होते. आपल्याकडून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन गेले होते. अशा मोहिमेत तोफांइतकंच महत्त्व बैलांना. धान्य, दारूगोळा, तंबू, सगळं बैलांच्या पाठीवर. बैल थांबले की फौज उपाशी. त्यामुळे बैल हाकणारा बिनहत्यारी माणूसही शत्रूच्या नजरेत भरायचा. कावसजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हात तोडला, असं पत्रात म्हटलंय. त्या काळात नाक-कान कापण्याची शिक्षा ही कुणा एका दरबाराची मक्तेदारी नव्हती, हेही लगेच सांगून टाकतो, नाहीतर प्रतिक्रियांमध्ये वेगळीच लढाई सुरू व्हायची.

मारून टाकायचं सोडून नाक का कापत असतील? मेलेला माणूस विसरला जातो. नाक कापलेला माणूस गावोगाव हिंडतो आणि शिक्षा करणाऱ्याचा निरोप पोचवत राहतो. आपली भाषाच बघा ना. नाक कापलं, नाक घासलं, नाक मुठीत धरलं, नाक वर करून चालला. इज्जत हा शब्द फारसीतून यायच्या आधी बहुधा आपण नाकावरच भागवत असू. नाशिकला तर गावाचं नावच शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून पडलं असं सांगतात.

तर कावसजी सुटून श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेत परत आला आणि कंपनी सरकारने त्याला पेन्शन बांधून दिलं. जवळजवळ बारा महिने तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. हा माणूस कोण? पत्र म्हणतं, विटा पाडणाऱ्यांच्या जातीचा. म्हणजे आपल्याकडचा कुंभार. पुण्याजवळ म्हणजे कुठे, ते पत्रात नाही. आमच्या इमारतीमागे पूर्वी वीटभट्टी होती, त्यामुळे मी आपला धायरीचाही दावा मनातल्या मनात लावून ठेवलाय. पुराव्याशिवाय. असो.

मुंबई इलाख्यातल्या क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. कृती इतकी नेटकी दिली आहे की वाचताना अंगावर काटा येतो आणि थक्कही व्हायला होतं.

आधी मेणाचा पातळ पत्रा घेऊन तो नाकाच्या थोटकावर बसवायचा आणि चांगल्या नाकाचा आकार द्यायचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची. नाक तीन बाजूंनी वळलेलं असतं, कपाळ सपाट. वळलेल्या वस्तूला सपाट कापड किती लागेल, हा हिशेब शिंप्याला येतो, तसाच मातीच्या माणसालाही येतो. रेघेच्या आतली कपाळाची कातडी सोलून मोकळी करायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. मग थोटकावरचा जुना व्रण खरवडून ताजा करायचा, त्याच्या मागून नाकपुड्यांच्या कडेने वरच्या ओठापर्यंत एक चीर द्यायची, कपाळाची कातडी अर्धा वेढा पिळून खाली आणायची आणि तिच्या कडा त्या चिरेत खोचायच्या.

टाके? नाहीत. चिकटवायला कात! पत्रात 'टेरा जापोनिका' लिहिलंय, म्हणजे शब्दशः जपानी माती. हा कात ना जपानचा, ना माती. खैराच्या लाकडाचा अर्क, आपल्या पानातला. तो पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक चढवायच्या. चार दिवस दुसरं काही नाही. मग त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस रोग्याने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ चिंध्यांचे बोळे घालायचे. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली ती चिंचोळी पट्टी कापून टाकायची.

सगळी गोम त्या पट्टीत आहे. कातडी पूर्ण तोडून दुसरीकडे लावली तर तिला रक्त मिळत नाही आणि जाडसर तुकडा असेल तर तो काळा पडून गळून जातो. पट्टी जोडलेली असली की त्या पट्टीतून येणारी बारीक रक्तवाहिनी तिला जगवते. तोवर नव्या जागी खालून रक्तवाहिन्या फुटतात, आणि मग पट्टीची गरज संपते. आजही त्वचेच्या कर्करोगामुळे नाकाचा मोठा भाग काढावा लागला तर सर्जन कपाळाची कातडी अशीच पिळून खाली आणतात आणि पट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतात. कुंभाराचे पंचवीस दिवस आणि आजचे तीन आठवडे! अनुभवाने काढलेला आकडा किती जवळ पोचला होता.

भूल मात्र नव्हती. ईथरचा जाहीर प्रयोग व्हायला १८४६ साल उजाडायचं होतं. म्हणजे हे सगळं कावसजीने शुद्धीत असताना सोसलं. एक हात आधीच गेलेला, आणि हा माणूस आपल्या पायांनी चालत जाऊन कपाळ सोलून घ्यायला बसला! बारा महिने कसे काढले असतील त्याने, याचा अंदाज मला पत्रातल्या इतर कुठल्याही ओळीपेक्षा यावरून जास्त येतो.

आता आपल्याकडे लगेच सुश्रुताचं नाव निघतं, आणि ते निघायलाच हवं. सुश्रुतसंहितेत कापलेलं नाक जोडण्याची कृती आहे. तिथे माप झाडाच्या पानाने घ्यायचं असतं, कातडी गालाची असते, नाकात दोन नळ्या घालायच्या असतात आणि वरून ज्येष्ठमधासारख्या औषधांची पूड टाकून तिळाचं तेल शिंपडायचं असतं. पुण्याच्या कुंभाराने मेण वापरलं, कपाळ वापरलं, कात वापरला. म्हणजे विचार तोच, पण हात बदलत गेले. त्या कुंभाराने संहिता वाचली असेल असं मला वाटत नाही. बापाने मुलाला दाखवली असणार, जशी चाकावरची बोटं दाखवतात तशी. आणि ही एकाच गावची विद्याही नव्हती. हिमाचलातल्या कांगड्याला नाकं बसवणारी घराणी होती. पत्रलेखक तर म्हणतो की हिंदुस्थानात हे फार जुन्या काळापासून चालत आलंय आणि बहुतेक वेळा यशस्वी होतं.

युरोपात बोलोन्याच्या ताल्याकोत्सीने १५९७ मध्ये दंडाच्या कातडीने नाक करण्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. त्यात रोग्याचा हात कित्येक दिवस डोक्याला बांधून ठेवावा लागे. पुढे ती पद्धत मागे पडली. त्यामुळे लंडनमध्ये हे पत्र वाचणाऱ्यांना ते नवलच वाटलं. जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने तर त्याचा ध्यास घेतला. बरीच वर्षं मृतदेहांवर सराव करून त्याने १८१४ मध्ये पहिलं नाक केलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. १८१८ मध्ये बर्लिनच्या ग्रेफेने आपल्या पुस्तकाला नाव दिलं 'ऱ्हिनोप्लास्टिक'. इथून हा 'प्लास्टिक' शब्द रूढ होत गेला. पिशव्यांचं प्लास्टिक पुष्कळ नंतरचं. (झेरॉक्सवाल्याने मला हेही विचारलं होतं की आत प्लास्टिक बसवतात का!) ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थ मातीसारखं हाताने घडवणं. म्हणजे कुंभाराचं काम.

आणि त्या कुंभाराचं नाव? कुठेच नाही. इंग्रज डॉक्टरांची नावं आहेत, रोग्याचं नाव आहे. चित्रकाराचंही आहे. जेम्स वेल्स, ज्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढली, त्यानेच जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, कावसजीचं चित्र काढलं. वेल्सच्या हाताखाली शिकलेल्या गंगाराम तांबटाचंही नाव टिकलं, तो पुण्याचाच कारागीर. ज्याच्या हातामुळे हे सगळं झालं तो मात्र 'विटा पाडणाऱ्यांच्या जातीचा एक माणूस'. मला याचा राग येतो. रागावून उपयोग नाही हे माहीत असूनही येतो.

पण मी हे सगळं वाचत होतो ते विम्याच्या पत्रामुळे. म्हणून माझा खरा प्रश्न वेगळा होता. कावसजीची शस्त्रक्रिया गरजेची होती की शोभेची?

नाक नसलं तरी माणूस श्वास घेतो. हवा गरम आणि ओलसर करून आत सोडण्याचं काम बिघडतं, आत खपल्या धरतात, धूळ जाते. त्रास होतोच. पण त्याने माणूस मरत नाही. कावसजी वर्षभर जगला होता, खात होता, पेन्शन घेत होता. पोटासाठी त्याला खरी गरज होती हाताची, आणि हात कुणी देऊ शकत नव्हतं. कामाच्या हिशेबाने पाहिलं तर नाक म्हणजे चैन! आज विम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया वगळल्याचं जे कलम असतं त्याची भाषा नियामकाने २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी सारखी करून दिली. त्यात अपघात, भाजणं किंवा कर्करोग यानंतरच्या पुनर्रचनेला सूट आहे, आणि आरोग्याला थेट, तातडीचा धोका असेल तर सूट आहे. टिपूच्या शिपायाने मुद्दाम नाक कापलं, हा अपघात धरायचा का? कावसजीचा दावा कुठल्या टेबलावर अडकला असता याचा मी बराच विचार केला.

याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही, पण पुण्याच्याच दुसऱ्या एका गोष्टीत त्याच्या जवळ जाणारं काहीतरी सापडलं. डॉ. नोशीर अंतिया हे नाव काहींनी ऐकलं असेल. जन्म १९२२, मृत्यू २००७. इंग्लंडमध्ये ते सर हॅरल्ड गिलीज यांच्याकडे शिकले. पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेल्या सैनिकांना पुन्हा चेहरे देणारे हेच ते गिलीज. परत आल्यावर अंतियांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम केलं, पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टाटांच्या नावाचा प्लास्टिक सर्जरी विभाग उभा केला. म्हणजे बघा, पुण्याच्या कुंभाराची विद्या लंडनला गेली, तिथे दीडशे वर्षं वाढली, आणि एका पारशी डॉक्टरच्या हातून पुन्हा पुण्याच्या वेशीवर आली.

कुष्ठरोगात आतून नाकाचा पडदा आणि कूर्चा झिजते, नाक बसतं. भुवया गळतात. काहींच्या पापण्या मिटेनाशा होतात. बोटं वाकडी होतात. तोपर्यंत डॅप्सोन आलं होतं, रोग बरा करता येत होता. पण बरा झालेला माणूस घरी जाऊ शकत नव्हता. अंगात जंतू नाहीत हे सांगणारा कागद खिशात होता, आणि चेहरा वेगळंच सांगत होता. लोक कागद वाचत नाहीत, चेहरा वाचतात.

यातली पापणीची शस्त्रक्रिया घ्या. डोळा मिटत नसेल तर बुबुळ सुकतं, जखम होते, दृष्टी जाते. ती गरजेची, यावर कुणाचं दुमत नसेल. बोटं सरळ करणं गरजेचं, कारण हाताला काम हवं. आणि भुवया? भुवईने दिसत नाही, ऐकू येत नाही, भाकरी थापता येत नाही. तरी अंतिया डोक्यावरची केसांची कातडी रक्तवाहिनीसकट आणून भुवया लावत होते. कारण त्या माणसाला एस.टी.त शेजारच्याने उठून न जाता बसता यायला हवं होतं. १९६३ च्या सुमारास इंग्लंडच्या रॉयल कॉलेजपुढे त्यांनी कुष्ठरोगातल्या चेहऱ्याच्या पुनर्रचनेवरच व्याख्यान दिलं. आता सांगा, भुवई कुठल्या रकान्यात टाकायची?

मला वाटतं आपण रकाने अवयवावरून पाडतो, तिथे चूक होते. एकच नाक, पण एखाद्या नटीने ते बारीक करून घेतलं तर ती तिची हौस, आणि करू दे की, आपलं काय जातं. पण कावसजीचं नाक ही हौस नव्हती. त्याच्याकडून कुणीतरी काहीतरी हिसकावून घेतलं होतं आणि तो ते परत मागत होता. मावशीचा ओठही तसाच. आणि तिच्या बाबतीत तर पाणी ओघळायचं हे डॉक्टरांनी लिहून दिलेलं होतं, भाजल्याची नोंद होती. कंपनीच्या कलमात भाजणं हा शब्द छापलेला होता. एवढं असूनही 'प्लास्टिक सर्जरी' हे दोन शब्द दिसले की समोरच्याच्या डोळ्यांपुढे सिनेमाच उभा राहतो. खरं सांगायचं तर घरातल्या "काय गरज?" वाल्यांत सुरुवातीला मीही होतो. उघड बोललो नाही एवढंच.

झेरॉक्स काढून, सगळे कागद जोडून, त्यांचंच कलम त्यांना लाल रेघ मारून पाठवलं. दोन फेऱ्या, चार फोन झाले. मग पैसे आले. पूर्ण नाही, पण आले.

गेल्या महिन्यात मावशीला संगणकावर कावसजीचं चित्र दाखवलं. शेजारी मेणाच्या पत्र्याच्या आकृत्या आहेत, त्या तिने आधी निरखून पाहिल्या, ब्लाउजचा कागद पाहावा तशा. मग चेहरा मोठा करायला सांगितला. कपाळावरचा व्रण चित्रात दिसतो. पत्रात म्हटलंय की तो काही काळाने फारसा कळून येत नाही. मावशीने बराच वेळ बघितलं.

"नाक छान केलंय," म्हणाली. "आणि हा जेवायला बसला असेल ना रे पंगतीत, नंतर?"

मी म्हटलं, बसला असेल.

"एका हाताने जमतं," म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.